मान बरी झाली, पण सुईत दोरा जाईना: मानेच्या मणक्यांच्या झिजेचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या बाईंना मी मंदाकाकू म्हणते. हे त्यांचं खरं नाव नाही. ओळख पटू नये म्हणून वय, घरचा तपशील आणि तारखाही थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. आजार, तपासण्या, कोणी काय ठरवलं आणि माझं कुठे चुकलं, हे मात्र जसं घडलं तसंच आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नागपुरात महाल भागात माझं दोन खाटांचं क्लिनिक आहे. मंदाकाकूंनी लिहायला परवानगी दिली, फक्त एक अट घातली: "माही शिलाई बिघडली असं नका लिहू, मॅडम. गिऱ्हाईक तुटते."

पार्श्वभूमी

मंदाकाकू ५७ वर्षांच्या आहेत. घराच्या पुढच्या खोलीत ३० वर्षांपासून त्यांचं शिलाईचं काम चालतं. ब्लाऊज, फॉल-पिको, परकर, आणि लग्नसराईत नवरीचे अस्तरवाले, लटकनवाले ब्लाऊज. मशीन पायाचं. मुलानं मोटर लावून दिली होती, पण "मोटरनं टाका पयते जी, हातात नाही राहत" म्हणून ती काढून ठेवली. कटिंग जमिनीवर सतरंजी टाकून, आणि हूक, काज, तुरपाई सगळं मांडीवर. एरवी दिवसाचे आठ तास काम, एप्रिल-मे महिन्यात बारा.

या सगळ्या कामात मान खाली असते. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. मान ताठ असते तेव्हा हे वजन मणक्यांच्या रांगेवर पेललं जातं. वाकली की ते मागच्या स्नायूंवर लटकतं आणि पुढच्या बाजूला चकत्यांवर दाब वाढतो. मानेत ७ मणके असतात. वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते, आणि मानेतून नसांच्या ८ जोड्या निघतात. वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं, ती बसते, मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं फुटतात, मागचे छोटे सांधे झिजतात. हीच मानेची संधिवाती झीज, डॉक्टरांच्या भाषेत सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस. आपल्याकडे हिला सर्रास 'स्पॉन्डिलायटिस' किंवा नुसतं 'सर्व्हायकल' म्हणतात. साठीपुढच्या बहुतेकांच्या एक्स-रेत ही झीज दिसते आणि त्यातल्या कित्येकांना काहीही त्रास नसतो. माणसाला पांढरे केस येतात, तसं मानेला हे येतं.

घरी यजमान निवृत्त आहेत आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) सुटत नाही. मुलगा बुटीबोरीला कंपनीत, सून घर सांभाळून काकूंना हातशिलाईत मदत करते. काकूंना ९ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. सकाळी दात घासायला गुडाखू, म्हणजे तंबाखूचं मंजन. हे मला पहिल्या भेटीत कळलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

तक्रार, आणि माझ्याकडे येण्याआधीचे उपाय

फेब्रुवारीत मान धरली. उजव्या खांद्याच्या पात्यापासून कळ निघायची, दंडाच्या मागून मधल्या बोटापर्यंत जायची. रात्री हात डोक्यावर ठेवला की बरं वाटायचं. घरच्यांनी आधी कूलरला दोष दिला, पण फेब्रुवारीत कूलर लागतच नाही हे लक्षात आल्यावर थंडीला दिला.

पहिला उपाय मालीश. ओळखीतल्या एका मालीशवाल्यानं तेल लावून मान डावी-उजवीकडे वळवली आणि शेवटी झटका देऊन 'मोडली'. कट् असा आवाज झाला, दोन तास हलकं वाटलं, रात्री कळ दुप्पट. या झटक्यानं पुढचं सगळं घडलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना अशा झटक्यानं इजा होऊ शकते, आणि आत मज्जारज्जूला जागा कमी असेल तर धोका वाढतो. चंपी करा, तेल चोळा. मान मोडून घेऊ नका, सलूनमध्येसुद्धा.

दुसरा उपाय पट्टा. मेडिकलवाल्याकडून मानेचा मऊ कॉलर आणला आणि सात आठवडे वापरला. शिवताना, झोपताना, मंदिरातसुद्धा. तीव्र दुखण्यात थोडे दिवस कॉलरनं आराम मिळतो. पण आठवडे गेले की मानेचे स्नायू काम विसरतात. शिवाय कॉलर लावून शिवताना मान वाकत नाही म्हणून माणूस पाठीतून वाकतं. काकूंच्या पाठीला त्या काळात जो बाक आला, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

तिसरा उपाय गोळ्या. शेजारणीच्या चिठ्ठीवरच्या दुखण्याच्या गोळ्या, दिवसाला दोन, तीन आठवडे. मधुमेही माणसानं मूत्रपिंडाची तपासणी न करता असल्या गोळ्या इतके दिवस घेणं धोक्याचं आहे. फॅमिली डॉक्टरांनी त्या थांबवल्या, क्रिएटिनिन तपासलं (सुदैवानं ठीक निघालं), एक्स-रे काढला आणि माझ्याकडे पाठवलं.

पहिली तपासणी

मार्चचा शेवट होता. एक्स-रेत पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधली जागा कमी झालेली, हाडाची टोकं आलेली. मान उजवीकडे कलती करून मागे नेली आणि वरून हलका दाब दिला की कळ थेट मधल्या बोटात. कोपर सरळ करायची ताकद उजवीकडे थोडी कमी. दंडामागच्या स्नायूवर हातोडी मारली तर प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप बसणारा झटका, मंद. सातवी नस दबली आहे, हे चित्र स्पष्ट होतं.

सकाळी मान किती वेळ आखडते, हे विचारलं. दहा मिनिटं. अर्धा-पाऊण तास आखडत असेल किंवा हातापायांचे लहान सांधे सुजत असतील, तर वेगळ्या, सुजेच्या संधिवाताचा विचार करावा लागतो. ताप, वजन घटणं, रात्रभर न थांबणारं दुखणं, यातलं काही नव्हतं.

गुडघ्याच्या प्रतिक्षेपाची तपासणी मी केली नाही. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, बाहेर चार जण थांबले होते, दुखणं हातात होतं. मी हातच तपासले.

काय केलं, आणि काय सुधारलं

एमआरआय लगेच काढायचा का, हा पहिला निर्णय. मुलगा तयार होता, पैशांचीही सोय होती. मी आणि फॅमिली डॉक्टर दोघांनीही थांबायचं ठरवलं. मानेतल्या नसेचं असं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं. ताकद झपाट्यानं कमी होत नसेल आणि मज्जारज्जू दबल्याची खूण नसेल, तर सहा आठवडे वाट पाहणं योग्य. हा निर्णय आजही मला चूक वाटत नाही. फक्त 'मज्जारज्जू दबल्याची खूण नाही' हे मी न तपासताच गृहीत धरलं होतं.

उपचार साधे होते. कॉलर आठवडाभरात हळूहळू सोडवली. रात्री नसेच्या दुखण्याची गोळी कमी मात्रेत. त्यानं सकाळी डोकं जड राहायचं म्हणून ती संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितली. व्यायाम तीन: हनुवटी सरळ मागे नेऊन पाच सेकंद धरणं, कपाळावर, मागे आणि दोन्ही बाजूंना तळहात लावून मान न हलवता हलका जोर देणं, खांद्याची पाती मागे खेचणं.

खरा फरक पडला तो खोलीत. मी एका संध्याकाळी घरी गेले आणि त्यांना शिवताना पाहिलं. मशीनच्या मागच्या दोन पायांखाली लाकडी पट्ट्या सरकवल्या, त्यानं मशीनचा पाट त्यांच्याकडे जरासा कलला आणि टाका दिसायला मान तेवढी झुकवावी लागेना. कटिंग सतरंजीवरून दिवाणावर नेलं आणि ते उभ्यानं करायचं ठरलं. हूक-काज करताना मांडीवर उशी, उशीवर कापड. दर वीस मिनिटांनी मान वर करा, असं सांगितलं तर ते त्यांच्या कधीच लक्षात राहत नव्हतं. मग एक युक्ती निघाली: बॉबिन संपली की उठायचं. बॉबिन भरेपर्यंत उभं राहायचं, खांदे मागे, नजर समोरच्या कॅलेंडरवर. गजराकडे दुर्लक्ष करता येतं, रिकाम्या बॉबिनकडे नाही करता येत.

जूनच्या मध्यापर्यंत दुखणं दहापैकी सातवरून दोनवर आलं. हाताची कळ गेली. कोपराची ताकद परतली. "मान तर एकदम बेस आहे आता," काकू म्हणाल्या आणि मला आंब्याच्या लोणच्याची बरणी दिली. मी फाइल जवळजवळ बंद केली होती.

निसटलेल्या खुणा

इथून पुढचं लिहिताना मला अजून अवघडल्यासारखं होतं.

लोणच्याच्या त्याच भेटीत काकू म्हणाल्या होत्या, "सुईत दोरा जाऊन नाही राहिला. दहा दहा वेळा थुका लावा लागते." मी हसून म्हटलं, "काकू, चष्म्याचा नंबर वाढला असेल." त्यांनी नंबर तपासून घेतला, तो खरंच वाढला होता, नवा चष्मा आला. दोरा तरी जाईना. सुनेनं ओवून द्यायला सुरुवात केली, आणि एकदा सून दोरा ओवून देऊ लागली की ती तक्रार उरत नाही. मग हूकही सुनेकडे गेले. काकूंनी नातेवाइकांना सांगितलं की सून आता तरबेज झाली आहे.

जुलैत पावसात घराच्या पायरीवर त्या घसरल्या. दोष ओल्या फरशीला. मग चालताना चप्पल पायातून निसटायची आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळायचं. मधुमेहाच्या डॉक्टरांनी हे पायातल्या नसांवर टाकलं, आणि ते अगदी वाजवी होतं: ९ वर्षांचा मधुमेह, साखर आटोक्यात नाही, पायाला मुंग्या. त्यांनी व्हिटॅमिन बी १२ तपासलं, तेही कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ते कमी होऊ शकतं. इंजेक्शनं सुरू झाली. आता हातापायांच्या मुंग्यांना दोन भक्कम कारणं मिळाली होती आणि तिसरं शोधायची कोणाला गरज वाटली नाही.

म्हणजे पाहा: डोळे, फरशी, साखर, बी १२. प्रत्येक खुणेला जवळचं, पटणारं, आणि काही अंशी खरंही कारण. सगळ्या खुणा एकत्र कोणी मांडल्या नाहीत. मान दुखत नव्हती, त्यामुळे मानेवर कोणाचा संशयच गेला नाही. मानेतला मज्जारज्जू दबतो तेव्हा मान दुखलीच पाहिजे असं नसतं, हे मी शिकलेली होते. पाठ्यपुस्तकात अधोरेखित केलेलंही होतं.

मारबतीच्या दिवशी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. रस्ते बंद, ढोल-ताशे, 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. क्लिनिक नावापुरतं उघडं होतं. काकू माझा ब्लाऊज द्यायला निघाल्या आणि गर्दीत अडकून क्लिनिकमध्ये येऊन बसल्या. ब्लाऊजचा एक हूक राहिला होता. "हे बसल्या बसल्या लावून देतो," म्हणाल्या. सुनेनं दोरा ओवून सुई कापडात टोचून दिलीच होती.

मी समोरच्या खुर्चीत बसून पाहत होते. त्यांनी हूक चिमटीत धरला, तो निसटला. परत धरला. सुई हुकाच्या कडीतून न जाता बाजूला टोचली. मग अंगठ्यात. करंगळी आणि अनामिका कापडापासून लांब, थोड्या उघड्या राहिल्या होत्या, जवळ आणल्या तरी परत सुटत होत्या. ३० वर्षं ज्या बाईनं हजारो हूक डोळे मिटून लावले, तिला एका हुकाला चार मिनिटं लागली आणि तो तिरपा लागला. काकू हसल्या, "बोटं आयकून नाही राहिले माहे."

मी दार लोटलं आणि पहिल्यांदा त्यांना नीट तपासलं.

मूठ झपाझप उघड-बंद करायला सांगितली. १० सेकंदांत सुदृढ माणसाचं २० किंवा त्याहून जास्त वेळा होतं. काकूंचं उजव्या हाताचं ११ वेळा, डाव्याचं १३. मधल्या बोटाचं नख खाली दाबून टचकन सोडलं, तर अंगठा आपोआप आत वळला, दोन्ही हातांना. टाचेला बोट लावत एका रेषेत चालायला सांगितलं, तिसऱ्या पावलाला भिंत धरली. मग हातोडी गुडघ्यावर मारली आणि पाय उडाला.

या उडालेल्या पायानं निर्णय झाला. मधुमेहानं पायाच्या नसा खराब होतात तेव्हा प्रतिक्षेप मंद होतात. इथे ते वाढलेले होते. मुंग्या साखरेच्या असतीलही, पण पाय असा उडणं साखरेचं नाही. वर कुठेतरी मज्जारज्जू दबला होता. बाहेर मिरवणूक पुढे गेली होती. काकूंनी विचारलं, "काय झालं जी, इतक्या चुप काऊन बसल्या?"

निदान आणि पर्याय

तीन दिवसांत एमआरआय झाला. पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू समोरून चपटा झाला होता, सहाव्या-सातव्यात त्याहून कमी. वरच्या पातळीवर रज्जूच्या आत पांढुरका डाग दिसत होता, म्हणजे नुसता दाब नव्हता, रज्जूला त्रास सुरू झाला होता. मणक्याच्या सर्जननी कामावरून गुण दिले. या मोजपट्टीत पूर्ण निरोगी माणसाचे १८ गुण. काकूंचे हातांचे ५ पैकी ३ (बटण लावता येतं, पण फार कष्टानं), पायांचे ७ पैकी ४ (जिना कठडा धरून), संवेदनेचे ३ पैकी २, लघवीचे ३ पैकी ३. एकूण १२. १२ ते १४ म्हणजे मध्यम आजार.

हा आकडा महत्त्वाचा, कारण २०१७ साली मणक्याच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटांनी मिळून दिलेल्या सूचनांत मध्यम आणि तीव्र आजाराला ऑपरेशनचा सल्ला आहे. सौम्य असेल, म्हणजे १५ ते १७, तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम, दोन्ही चालतं, पण बिघडलं तर ऑपरेशन.

घरात तीन मतं पडली. यजमानांचं म्हणणं, मानेचं ऑपरेशन म्हणजे लकवा. गल्लीतल्या एकाला झाला होता. मुलाला मोठ्या शहरात न्यायचं होतं. काकूंना दिवाळीच्या ऑर्डरी सोडवत नव्हत्या. "तुयशीचं लगन होऊ द्या, मंग काय कापाचं ते कापा."

मी आणि सर्जननी त्यांच्यासमोर तीन रस्ते ठेवले. पहिला, थांबून पाहणं. काहींचा आजार बराच काळ एकाच पातळीवर राहतो, पण काहींचा पायरीपायरीनं घसरतो, आणि कोणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. शिवाय अशा मानेला पडण्यानं किंवा स्कूटरच्या धक्क्यानं एका क्षणात मोठी इजा होऊ शकते. दुसरा, समोरून ऑपरेशन: गळ्याच्या बाजूनं जाऊन दोन चकत्या काढायच्या, हाडाची टोकं घासायची आणि मणके पिंजरा-प्लेटनं जोडायचे. तिसरा, मागून जाऊन मणक्यांची कमान उघडी करणं; दाब तीन-चार पातळ्यांवर असेल तर हा जास्त बरा. काकूंचा दाब दोन पातळ्यांवर, समोरून, आणि मान किंचित पुढे झुकलेली. सर्जनचा कल समोरून करण्याकडे होता. त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली: ऑपरेशनचा पहिला उद्देश पुढचं नुकसान थांबवणं. गेलेलं परत येईल, थोडं की पुष्कळ, ते नंतर कळेल.

दुसरं मत घ्या, असं मीच सुचवलं. सरकारी रुग्णालयातल्या न्यूरोसर्जननीही तेच सांगितलं, फक्त कमी शब्दांत. लकव्याच्या भीतीवर त्यांनी यजमानांना उलटं विचारलं, "ऑपरेशननं होईल म्हणता. आणि न करता होऊन राहिला आहे, त्याचं काय?" यजमान गप्प झाले. जन आरोग्य योजनेचं काम आरोग्यमित्रांनी पाहिलं. केशरी रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळत नव्हती, त्यात चार दिवस गेले.

निर्णय

दिवाळीनंतर की आधी, हाच खरा वाद होता. मी आधीच्या बाजूनं होते आणि थोडी कडक बोलले. जूनपासूनच्या काही महिन्यांत दोरा, हूक आणि जिना गेला होता. दिवाळीला दोन महिने होते.

मध्ये सर्जननी स्वतःच तीन आठवडे घेतले. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ८.९ होतं, ते तसंच ठेवून जखम करायची नव्हती, म्हणून साखरेच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. आणि तेव्हा गुडाखूचा विषय निघाला. निकोटीननं हाड जुळायला अडथळा येतो, मग ते बिडीतून येवो की मंजनातून. काकूंनी डबी सुनेच्या हाती दिली. यजमानांनी खर्रा 'कमी' केला, म्हणजे घराबाहेर खायला लागले.

ऑर्डरींचं त्यांनी स्वतः ठरवलं. सक्करदऱ्याच्या एका शिलाईवालीला अर्धे ब्लाऊज दिले, तिनं शिवायचे, काकूंच्या नावावर द्यायचे, शिलाईत दोघींचा वाटा. ऑपरेशन नवरात्राच्या आठवडाभर आधी झालं.

ऑपरेशननंतर

दुसऱ्या दिवशी काकू उठून बसल्या. आवाज घोगरा आणि गिळताना घास अडकायचा. समोरून केलेल्या ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं निवळतं. त्यांचं तीन आठवड्यांनी निवळलं. तोवर मऊ भात, पातळ वरण, दुधात भिजवलेली पोळी. तर्रीची आठवण काढून त्या रडल्या, ऑपरेशनच्या भीतीनं रडल्या नव्हत्या.

मी सहाव्या आठवड्यापासून काम सुरू केलं. आधी चालणं आणि तोल: भिंतीजवळ एका रेषेत, मग एका पायावर. हातांसाठी कणीक मळणं, डब्यातल्या चण्यांमधून बटणं शोधणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं. सुई मी मुद्दाम तिसऱ्या महिन्यापर्यंत लांब ठेवली. पहिल्या दिवशी दोरा गेला नाही तर त्या व्यायाम सोडतील, अशी मला भीती होती.

सहा महिन्यांनी गुण १२ वरून १५ झाले. मूठ उजवीकडे १७ वेळा. जिना कठडा न धरता, पण हळू. चप्पल निसटत नाही. बोटांच्या टोकांचा बधिरपणा आहे तसाच आहे. मशीनवर रोज चार तास बसतात. आता मोटर लावली आहे. दोरा तारेच्या ओवणीनं घालतात. हूक सूनच लावते, तो आता तिचाच धंदा.

काय वेगळं करता आलं असतं

मार्चमध्ये गुडघ्यावर हातोडी. त्याला एक मिनिट लागलं असतं. कदाचित तेव्हा काहीच सापडलं नसतं. पण ऑगस्टमध्ये तुलना करायला एक नोंद असती.

जूनमध्ये 'सुईत दोरा जात नाही' हे वाक्य. चष्म्याचा सल्ला चूक नव्हता, तिथेच थांबणं चूक होतं. बोटांचं बारीक काम बिघडल्याचं रुग्ण क्वचितच 'हात अनाडी झाले' अशा शब्दांत सांगतात. शिलाईवाली दोऱ्याचं सांगेल, शिक्षक अक्षर बिघडल्याचं, दुकानदार नोटा मोजताना चुकल्याचं, आजी जपमाळेचा मणी निसटल्याचं. मी दुखण्याचा आकडा लिहीत बसले आणि कामाचं विचारलं नाही. आता फाइलवर दुखण्याच्या रकान्याच्या आधी 'बोटांचं काम' असा रकाना आहे.

साखरेच्या डॉक्टरांशी मी एकदाही बोलले नव्हते. त्यांना मानेचा इतिहास माहीत नव्हता, मला चपलेचा. दोन क्लिनिकांत एक किलोमीटरचं अंतर असेल.

एमआरआय आधी काढला असता तर? लोक हेच विचारतात. मार्चमध्ये काढला असता तर दाब तेव्हाच दिसला असता असं मला वाटतं. तरीही मान दुखणाऱ्या प्रत्येकाचा एमआरआय काढायला मी सांगणार नाही. तसं केलं तर झीज सगळ्यांच्याच मानेत सापडेल, आणि निम्मं नागपूर रिपोर्ट घेऊन घाबरत फिरेल. उलट्या बाजूची केसही मी रोज पाहते: भिंगरीसारखी चक्कर येते म्हणून 'सर्व्हायकल' ठरवून कॉलर लावलेली बाई, जिची चक्कर कानातल्या खड्यांची असते आणि डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून एका बैठकीत थांबू शकते.

घरच्यांसाठी मी आता एवढंच सांगते की मान दुखणं हे लवकर या म्हणायचं कारण नाही. पण बटण लागेना, अक्षर बदललं, पाय जड वाटले, अंधारात तोल गेला, मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेसारखा झटका गेला, लघवीवरचा ताबा बिघडला, तर त्याच आठवड्यात दाखवा. मान दुखत नसली तरी. हात किंवा पाय एकाएकी दुबळे झाले, लघवी अडली, तर त्याच दिवशी.

सध्या

ऑपरेशनला दीड वर्ष झालं. एक्स-रेत दोन्ही पातळ्या जुळल्या आहेत. जोडलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या चकत्यांवर ताण येतो, म्हणून दर वर्षी तपासणी. गुडाखू परत सुरू झाली नाही, निदान माझ्यासमोर तरी. मारबतीच्या दिवशीचा ब्लाऊज माझ्याकडे आहे, तिरप्या हुकासकट. काकूंनी दोनदा मागितला दुरुस्त करायला. मी दिला नाही.